देवघरातली लक्ष्मी: दगडावरची की कालच्या प्रिंटरवरची?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात आजोबा-पणजोबांच्या काळातली एखादी तसबीर असेल, किंवा कुणी तुम्हाला "जुनी रविवर्मा" विकायला आलं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. पाच-दहा मिनिटं जातील, पण पैसे वाचतील. कदाचित घरातली लक्ष्मीही वाचेल.

विषय काढायचं कारण असं. सध्या आपल्या भागात दोन उलट्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. एकीकडं जुने वाडे पडतायत, माळवदं उतरवली जातायत आणि भिंतीवरच्या तसबिरी सागवानी चौकटीच्या भावात भंगारात जातायत. दुसरीकडं वेरूळला येणाऱ्या पर्यटकांच्या आणि आपल्याच हौशी पोरांच्या गळ्यात "शंभर वर्षांपूर्वीचं अस्सल चित्र" म्हणून परवा छापलेला कागद मारला जातोय. खरं फुकट जातं आणि खोटं महाग विकलं जातं. दोन्हीकडं कारण एकच, छापलेला कागद कसा वाचायचा हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

छपाईचा आणि आपल्या गावाचा संबंध जुना आहे. खुलताबादपासून हाकेच्या अंतरावरच्या वेरूळचा एक छापील चित्रसंच १८०३ साली जगापुढं आला. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पेशवाईत पुण्याला होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं त्यानं काढली. वेरूळची लेणीही रेखाटली आणि १७९५ साली तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली लंडनमध्ये २४ चित्रांचा संच निघाला. पुण्याचा आपला मराठी चितारी गंगाराम तांबट यानंही त्याच काळात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची चित्रं काढली होती. लंडनचा तो संच ॲक्वाटिंट पद्धतीचा. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवायची, आम्लानं पत्रा खायला द्यायचा आणि शाई भरून ओल्या कागदावर दाबायचा. पत्र्याच्या दाबानं कागदावर चौकोनी खळगा उठतो. बोट फिरवलं तर कडेला लागतो. पुस्तकातून फाडलेल्या किंवा आज छापलेल्या नकलेत हा खळगा नसतो, फार तर त्याची सावली छापलेली असते. ही पहिली खूण. लक्षात ठेवा, पुढं हाच न्याय पुन्हा येणार आहे.

आता रंगीत तसबिरींकडं येऊ. जर्मनीत ॲलॉइस झेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास शिळाछपाई शोधली. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड पाण्यानं भिजवायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी लागलेल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागीच बसते. तत्त्व एवढंच. पण रंगीत चित्र काढायचं तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. फिका गुलाबी एक, गडद गुलाबी दुसरा, कातडीचा रंग तिसरा, आकाशाचा निळा चौथा, असे दहा-दहा, बारा-बारा दगड. एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा. प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी बसला तर रंग जुळणार, केसभर हलला तर ओठ एकीकडं आणि ओठांचा रंग दुसरीकडं.

आपल्याकडं १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला. देवादिकांची आणि मराठी इतिहासातल्या वीरांची चित्रं त्यानं घराघरांत पोचवली. त्यानंतर आले राजा रविवर्मा. केरळातल्या किळिमानूरचा हा चित्रकार. त्याची मूळ तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालात. ती सामान्य माणसाच्या भिंतीवर यावीत म्हणून १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढं मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणून अनेक चित्रांच्या खाली रविवर्मा प्रेस आणि कार्ला-लोणावळा अशी इंग्रजी ओळ दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०६ साली ते स्वतः वारले, पण छापखाना चालू राहिला. आपले दादासाहेब फाळकेही सिनेमाकडं वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. १९७२ साली तिथं आग लागली आणि बरंच काही जळून गेलं.

या इतिहासातून एक गोष्ट सरळ निघते. रविवर्मा छापखान्याचं चित्र म्हणजे रविवर्म्यांनी हातानं काढलेलं चित्र नव्हे. एकेका चित्राच्या हजारो प्रती निघाल्या. म्हणून "रविवर्म्याचं ओरिजिनल पेंटिंग आहे" असं म्हणत कुणी छापील कागद दाखवला, तर बोलणं तिथंच थांबवा. एकतर त्याला कळत नाही, नाहीतर तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतंय.

दुसरी गोष्ट, नकला तेव्हाही होत होत्या. रविवर्म्यांची लक्ष्मी चालायला लागली तशी बाकीच्या छापखान्यांनीही ती छापली. आपल्या देवांची चित्रं जर्मनीत छापून इथं विकायला येत. म्हणजे तुमच्या घरातली तसबीर रविवर्मा छापखान्याची नसेल, तरी ती शंभर वर्षं जुनी असू शकते. तेव्हा पायऱ्या तीन आहेत: मूळ छापखान्याची प्रत, त्याच काळातली दुसऱ्याची नक्कल आणि आजची बनवाबनवी. पहिल्या दोन्हींना इतिहासात जागा आहे, तिसरी म्हणजे निव्वळ फसवणूक.

आता मुद्द्याचं. सध्या बाजारात नवीन टूम आलीय: "मिसप्रिंट" तसबिरी. रंग सरकलेला, एखादा रंग गायब, कुठं पांढरा ठिपका. विकणारा सांगतो, "छपाईची चूक आहे, असा पीस जगात एकच." ही कल्पना बाहेरून आलीय. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवायचा मोठा नाद आहे. आधी ती सिगारेटच्या पाकिटात यायची, नंतर बबलगमबरोबर. लहानपणी आपणही बबलगममधली क्रिकेटपटूंची कार्डं जमवलीच की! तिथं छपाईत चूक झालेल्या कार्डाला जास्त पैसे मिळतात. १९९० साली एका कंपनीनं छापलेल्या फ्रँक थॉमस या खेळाडूच्या काही कार्डांवर त्याचं नावच उमटलं नव्हतं. ती कार्डं आज भाव खातात. भाव आला की बनवणारेही आलेच. कुणी रसायनानं शाई पुसतं, कुणी कार्ड उन्हात ठेवून पिवळा रंग उडवतं आणि म्हणतं, छपाईतच राहिला.

मोठमोठेही यात अडकले. होनस वॅग्नर या खेळाडूचं १९०९ ते १९११ दरम्यान छापलेलं एक कार्ड १९९१ च्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेलं. कार्ड खरं, छपाई खरी, पण कडा संशय येण्याइतक्या कोऱ्या. ते लिलावाच्या आधी ज्याच्या हातात होतं, त्या बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्यानं शेवटी २०१३ साली अमेरिकेच्या कोर्टात कबूल केलं की त्यानं कार्डाच्या कडा कापल्या होत्या. म्हणजे बावीस वर्षं सगळे तज्ज्ञ, सगळी प्रमाणपत्रं एकीकडं आणि कातरलेली कड एकीकडं. आपण यातून एवढंच घ्यायचं की कागदाबरोबर आलेल्या प्रमाणपत्रापेक्षा आधी कागद बघा.

कागद बघायला काय लागतं? सोनाराकडं असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी. दोन्ही स्वस्तात मिळतात. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आणि पुढं पेपरात काम करताना रात्री-रात्री ऑफसेटच्या मशीनपाशी उभा राहिलोय. पुढाऱ्याच्या फोटोतला कुंकवाचा टिळा भुवईवर सरकलेला पेपर तुम्हीही पाहिला असेल. तिथं शिकलेलंच सांगतो.

एक, ठिपके बघा. आजची ऑफसेट छपाई चार रंगांची: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. भिंगाखाली हे ठिपके एकसारख्या अंतरावर, फुलासारख्या गोलात मांडलेले दिसतात. शिळाछपाईत ठिपके माणसानं हातानं दिलेले असतात. कुठं दाट, कुठं विरळ, आकारही वेगवेगळा. रंगही चारच नसतात, गुलाबी म्हणजे खरोखर गुलाबी शाईच असते.

दोन, अक्षरं बघा. घरगुती प्रिंटरचे तुषारही विस्कळीत दिसतात, त्यामुळं नुसत्या ठिपक्यांवर फसगत होऊ शकते. मग खालच्या छापखान्याच्या नावावर भिंग धरा. खऱ्या प्रतीत अक्षर एकाच शाईचं, भरीव. नकलेत अक्षराच्या कडा फुटलेल्या आणि काळ्यात इतर रंगांचे कण मिसळलेले.

तीन, चूक बघा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. खऱ्या छपाईत रंग सरकला तर सरकलेल्या पट्टीत फक्त तोच एक रंग असतो, कारण तेवढा एकच दगड चुकला. त्याच्या उलट बाजूला जी फट राहते तिथं कोरा कागद किंवा खालचा रंग दिसतो. नक्कल करणारा मात्र चुकीसकट अख्ख्या चित्राचा फोटो काढतो आणि छापतो. मग ती "चूक"सुद्धा चारही रंगांच्या ठिपक्यांनी बनते. एवढंच नाही, मूळ कागदाचा पिवळटपणाही ठिपक्यांनी छापलेला निघतो. कोऱ्या दिसणाऱ्या समासावर भिंग धरा. तिथं ठिपके दिसले तर हातातला कागद जुना नाही, जुन्या कागदाचा फोटो आहे.

चार, उजेड तिरपा धरा. ओलिओग्राफवर तैलचित्रासारखं दिसावं म्हणून वार्निश असायचं, कधी कॅनव्हाससारखी खरबरीत पोतही दाबून उठवलेली असायची. शंभर वर्षांत वार्निश पिवळं पडतं, तडकतं. तडा डोळ्याला दिसतो पण तिरप्या उजेडात पृष्ठभाग सपाट आहे, असं झालं तर तडा छापलेला आहे.

पाच, जांभळा उजेड. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. अंधारात बॅटरी मारली आणि कागद निळसर-पांढरा लखलखला, तर "१८९६ सालचा" हा दावा तिथंच संपला. नाही लखलखला म्हणून जुना ठरत नाही, पण एक चाळणी तरी पार झाली.

सहा, चौकट उघडा. रंग उन्हानं उडाला असेल तर चौकटीच्या पट्टीखाली दबलेल्या कडेला मूळ रंग शिल्लक असतो. म्हणजे "पिवळा छापायचा राहिला" ही थाप कडेवर उघडी पडते. रसायनानं पुसलेल्या जागी चकाकी गेलेली असते आणि कागदाचे तंतू उभे राहिलेले असतात. चहात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडं सारखा तपकिरी दिसतो. खरं वय मात्र मागच्या लाकडी फळीचे डाग, खिळ्यांचा गंज, वाळवीची वाट, अशा खुणांनी येतं. चित्रावर आजी-पणजीनं टिकल्या, जर लावली असेल तर मागं सुईची भोकं आणि खळीचे डाग सापडतात. ते काढू नका, तो त्या तसबिरीचा जन्मदाखला आहे.

सात, दोन प्रती शेजारी ठेवा. दगडावरच एखादा ओरखडा असेल तर तो अनेक प्रतींत येणारच, ते स्वाभाविक आहे. पण दोन वेगळ्या प्रतींवर एकसारखी घडी, एकसारखा पाण्याचा डाग? पाणी दोन घरांत सारखंच सांडत नाही. दोन्ही एकाच फोटोची पोरं आहेत.

याचा अनुभव सांगतो. तालुक्यातल्या एका तरुणानं उसनवारी करून १८ हजारांना एक लक्ष्मी घेतली होती. कमळाचा गुलाबी रंग रेषेबाहेर आलेला. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, डबल छपाई आहे, मुंबईत दुप्पट येतील. तो ती माझ्याकडं बातमी छापायला घेऊन आला. वर हातकागद, खरबरीत, तंतू दिसणारा. मला तिथंच खटकलं. आपल्या शेजारी कागजीपुरा आहे, तिथल्या हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापर्यंत मागं सांगितली जाते, म्हणून आपल्याकडं "हातकागद म्हणजे जुना" असं डोक्यात बसलंय. पण हातकागद आजही बनतो, आणि या रंगीत तसबिरी यंत्रावरच्या गुळगुळीत कागदावर छापल्या जात. यंत्रातून दहा वेळा जाताना कागदाचा आकार बदलला तर रंग जुळणार कसे? भिंग त्याच्याच हातात दिलं. कमळाच्या बाहेर सांडलेल्या गुलाबीत त्याला किरमिजी आणि पिवळे ठिपके ओळीनं दिसले. समासातही दिसले. पोरगं बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, "सर, आता मी ही कुणाला विकू?" मी म्हटलं, "कुणालाच नको. भिंतीला लाव आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ठिपके दाखव." त्यानं लावलीय.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ठिपके दिसले की लगेच "डुप्लिकेट" म्हणून फेकू नका. १९६० सालचं ऑफसेटवरचं कॅलेंडर हे १९६० सालचं कॅलेंडर म्हणून अस्सलच आहे. खोटा कागद नसतो, खोटा असतो तो त्याच्याबद्दलचा दावा. आधी "हे काय आहे असं सांगितलं जातंय" ते विचारा, मग भिंग काढा.

कायद्याचंही बघा. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायला मनाई करतो. रविवर्म्यांच्या मूळ चित्रांना १९७९ पासून राष्ट्रीय कलासंपदेचा दर्जा आहे. म्हणून "फॉरेनचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी कमिशन भरा" असं कुणी म्हटलं तर तो तुम्हाला दोनदा फसवतोय. जुन्या नोटा-नाण्यांच्या बाबतीत असंच कमिशन उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेला २०२१ साली जाहीर इशारा द्यावा लागला होता. तसबिरीवाल्यांचा धंदा त्याच वाटेनं चाललाय.

आणि शेवटी जे मला जास्त टोचतं ते. खुलताबादला इतिहास म्हणजे फावल्या वेळचा विषय नाही. २०२५ च्या मार्चमध्ये कबरीचा वाद पेटला, नागपुरात दंगल झाली आणि इथं आपण बंदोबस्तात राहिलो. त्या दिवसांत मोबाईलवर काय काय फिरलं आठवतंय ना? "जुनं अस्सल चित्र", "त्या काळातला छापील पुरावा". मोबाईलच्या पडद्यावर ना कागद असतो, ना खळगा, ना समास. तिथं भिंग धरलं तर दिसतात फक्त पडद्याचेच ठिपके. घरातल्या लक्ष्मीसाठी जो प्रश्न विचारायचा तोच इथंही विचारायला हवा: मूळ कागद कुठं आहे, कुणाकडं आहे, आणि तो कुणी उलटून-पालटून पाहिलाय का? उत्तर नसेल तर पुढं पाठवू नका. अठरा हजार बुडाले तर एका घराचं नुकसान होतं. खोट्या चित्रावरून डोकी फुटली तर गावाचं होतं.

म्हणून एक सूचना मांडतो. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन. त्या दिवशी गावात एक टेबल टाकू. दोन भिंगं, एक बॅटरी आणि एक साधी वही. ज्याच्या घरात जुनी तसबीर, जुनं छापील चित्र, जुनं कॅलेंडर असेल त्यानं आणावं. विकायला नाही, बघायला. काय आहे, कुठल्या छापखान्याचं आहे, कुणाच्या घरातलं आहे याची वहीत नोंद करू आणि वस्तू ज्याची त्याच्या घरी परत. शाळेतली आठवी-नववीची पोरं हे काम आपल्यापेक्षा बरं करतील, त्यांचे डोळे चांगले आहेत. वेरूळचे गाईड मित्र आले तर दुधात साखर, पर्यटकांशी रोजची गाठ त्यांची पडते.

तोपर्यंत एवढंच करा. वाडा पाडायच्या आधी भिंती बघा. भंगारवाला चौकट मागेल, आतला कागद तुम्ही ठेवून घ्या. आणि तुमच्या घरात अशी तसबीर असेल तर कमेंटमध्ये फक्त चित्र कशाचं आहे आणि खाली काय छापलंय ते लिहा. घराचा पत्ता लिहू नका. पत्ते वाचणारे वेगळे असतात.